जाने जां पाहिला, आवडला, आणि तरी काहीतरी खुपतंय

टेकडीवाला:

आधीच सांगतो, मुख्य ट्रिक काय आहे ते मी लिहिणार नाहीये आणि प्रतिसादांतही कोणी फोडू नका, हात जोडतो. खून कोण करतं ते मात्र बोलणार, कारण ते पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होतं आणि सिनेमातही लपवलेलं नाही.

तर केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही माझी अतिशय म्हणजे अतिशय लाडकी कादंबरी. मूळ जपानी २००५ ची, तिकडचा मानाचा नाओकी पुरस्कार मिळालेली, इंग्रजी भाषांतर २०११ मध्ये आलं. अर्धी घरी वाचून झाली होती, उरलेली डेक्कन क्वीनमध्ये काढली. उतरायचं होतं दादरला आणि शेवटची दहा पानं उरलेली. उतरलोच नाही, सरळ सीएसएमटीला जाऊन बाकड्यावर बसून संपवली आणि मग लोकलने उलटा दादरला आलो. ऑफिसात उशिराचं कारण काय सांगितलं ते विचारू नका.

तिच्यावरचा सुजॉय घोषचा सिनेमा 'जाने जां' २०२३ च्या २१ सप्टेंबरला नेटफ्लिक्सवर आला, करीनाच्या वाढदिवसालाच. मी घाबरून इतके दिवस बघितलाच नव्हता. लाडक्या पुस्तकावरचा सिनेमा म्हणजे घरातल्या मुलीला सांगून आलेलं स्थळ, कितीही चांगलं असलं तरी आपण आधी खोटच शोधणार. शेवटी गेल्या शनिवारी आई राहायला आलेली, बायकोने जेवता जेवता लावला आणि मला पळायला जागा उरली नाही. (कोथरूडमध्ये टू बीएचकेत पळून जाणार कुठे, गॅलरीत?)

ज्यांनी वाचलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. इशिगामी नावाचा शाळेत गणित शिकवणारा एकटा माणूस. शेजारच्या फ्लॅटमध्ये यासुको आणि तिची शाळकरी मुलगी. यासुको डबे विकणाऱ्या दुकानात कामाला, हा रोज सकाळी नदीकाठाने चालत जाऊन तिथूनच डबा घेतो, बोलणं जवळपास शून्य. तिचा सोडलेला नवरा पैशासाठी घरी येऊन टपकतो, झटापटीत मायलेकींच्या हातून त्याचा जीव जातो, आणि भिंतीपलीकडे सगळं ऐकू आलेला इशिगामी म्हणतो, पुढचं माझ्यावर सोडा. म्हणजे खून कोणी केला, का केला, सगळं आपल्याला माहीत. तरी लेखक आपल्याला गंडवतो, आणि असा गंडवतो की नंतर मागची पानं उलटून बघितली की सगळं तिथेच डोळ्यांसमोर पडलेलं असतं.

सिनेमात टोकियोचं कालिम्पाँग झालंय, यासुकोची माया म्हणजे करीना, इशिगामीचा नरेन म्हणजे जयदीप अहलावत, आणि डब्याच्या दुकानाचं 'टिफिन' नावाचं कॅफे झालंय, हे नाव मला भलतंच आवडलं. कालिम्पाँगचं धुकंही जमलंय. आणि जयदीप! पुस्तकातला इशिगामी जाडजूड, गोल चेहऱ्याचा, बारीक डोळ्यांचा, केस विरळ झालेला, वयापेक्षा म्हातारा दिसणारा. जयदीप तसा नाही, कपाळावरचे केस मागे हटवून त्याला तसं केलंय, पण केसांचं सोडा, तो माणूस मायासमोर उभा राहिला की त्याला स्वतःच्या हातांचं काय करायचं हेच कळत नाहीसं वाटतं. हे पुस्तकात नाही. म्हणजे असेल, पण मला वाचताना दिसलं नव्हतं.

आता खुपतंय ते. पुस्तकात पोलीस कुसानागी वेगळा आणि युकावा वेगळा. युकावा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक, इशिगामीचा कॉलेजमधला मित्र, पोलीस नाहीच मुळी. आपल्या तोडीचा एकच मेंदू आपल्याला आयुष्यात भेटला आणि त्यालाच आपण पकडून देतोय, ही त्याची तडफड म्हणजे पुस्तकाचा अर्धा जीव आहे. सिनेमात दोघांना एकत्र कालवून करण नावाचा मुंबईचा पोलीस केलाय (विजय वर्मा), तोच जुना मित्र, तोच तपास करणारा, वर दिसायला देखणा आणि मायावर भाळलेला. झालं, दोन हुशार माणसांच्या बुद्धिबळाचा प्रेमाचा त्रिकोण झाला. मी प्रत्येक सीनला मनात वही काढून बसलेलो, हे बदललं, ते गाळलं, हे वाढवलं. आई मात्र डोळे पुसत होती. म्हणजे सिनेमा वाईट नाहीये. मग मला नक्की काय झालंय?

रविवारदुपार:

तुम्हाला पुस्तक झालंय. 😄

मी वाचलेलं नाही, सिनेमा एका बैठकीत बघितला, सव्वादोन तासांत एकदाही मोबाईल हातात घेतला नाही, माझ्यासाठी हेच सर्टिफिकेट. करीनाने मेकअपशिवाय, दमलेली, घाबरलेली आई काय केलीये. तुम्ही लोक पुस्तक वाचून येता आणि मग आमच्या ताटातल्या भाजीत मीठ कमी आहे सांगत बसता, आम्हाला लागतंय की चांगलं.

काडीमास्तर:

बाकी चालू द्या, पण मुंबईच्या पोलिसांत एकच वाईट माणूस आणि तो नेमका म्हात्रे? माया डिसूझा, नरेन व्यास, करण आनंद, आणि मरायला मायाचा पोलीस नवरा अजित म्हात्रे. निषेधाचा ठराव मांडतो.

रुमाल टाकून ठेवतो, धाग्याचं काश्मीर व्हायला वेळ लागणार नाही.

लकडीपूल:

धागाकर्त्याशी अर्धा सहमत, अर्धा अजिबात नाही.

त्रिकोण सिनेमाने घातला म्हणताय, मग कुडो विसरलात का? पुस्तकात यासुकोच्या जुन्या ओळखीतला तो सज्जन उद्योजक तिला भेटायला लागतो, जेवायला नेतो, आणि इशिगामीच्या मनात काय होतं ते पानंच्या पानं आहे. त्रिकोण होताच. सुजॉय घोषने कुडो, कुसानागी आणि युकावा असे तिघे मिळून एक करण केला. दोन-सव्वादोन तासांत तीन माणसं कुठे उभी करणार? कोरियन लोकांनी २०१२ मध्ये केला तेव्हा त्यांनीही भौतिकशास्त्रवाला उडवलाच होता, तिथेही पोलीसच शाळासोबती. म्हणजे ही काही खास बॉलिवूडची खोड नव्हे.

जपान्यांचा स्वतःचा २००८ चा सिनेमा सगळ्यात इमानदार म्हणतात, तोही तुम्ही म्हणता तसा शुद्ध नाही. त्यांची 'गॅलिलिओ' ही टीव्ही मालिका आधी गाजली होती, त्यामुळे त्यातला युकावा म्हणजे स्टार, त्याला जास्त जागा द्यावी लागली. बर्फातल्या डोंगरावर दोघे मित्र चढतात असा अख्खा प्रसंग घातलाय, पुस्तकात नसलेला. आणि त्यातला इशिगामी इतका बरा दिसतो की यासुको याच्याकडे बघत का नाही असं वाटतं. या बाबतीत जयदीप शंभर पटीने बरोबर.

आणि एक मजा, पुण्याच्या माणसाने लिहायलाच हवी ती तुम्ही लिहिली नाही. जयदीप आणि विजय वर्मा हे दोघेही आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटचे, एकाच बॅचचे, राजकुमार रावही त्यांच्याबरोबरचा. सिनेमात कॉलेजचे मित्र, खऱ्यातही वर्गमित्र. ते दोघे समोरासमोर येतात तेव्हा जुनी ओळख दाखवायला अभिनय कमी करावा लागला असेल. ज्या आवारात प्रभात स्टुडिओ होता तिथेच कुठेतरी यांनी एकमेकांच्या नक्कला केल्या असतील, मला सारखं तेच दिसत होतं.

टेकडीवाला:

कुडो विसरलो नव्हतो, सोयीने बाजूला ठेवला होता. पकडलंत.

पण फरक आहे. कुडो तपासाच्या बाहेरचा माणूस, त्याच्या हातात बेड्या नाहीत. इथे जो तिला हसवतो तोच तिला आत टाकू शकतो, मग माया त्याच्याशी बोलते ती भीतीने की खरंच आवडतो म्हणून, हे सगळं गढूळ झालं. (हे लिहिताना लक्षात येतंय की गढूळ झालं ते कदाचित चांगलंच झालं. शिट.) एफटीआयआयचं माहीत नव्हतं, धन्यवाद, आता तो सीन परत बघणार.

शून्यलब्धी:

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झालो, आता सकाळी तळजाई आणि दुपारी तुम्हा लोकांचे धागे. माझी तक्रार वेगळीच आहे, ती सिनेमाच्या बाजूने पण आहे आणि विरुद्ध पण.

या कादंबरीतलं गणित शोभेचं नाही. इशिगामी परीक्षेला असा प्रश्न काढतो जो दिसायला भूमितीचा असतो आणि असतो बीजगणितातल्या फलांचा (फंक्शन्सचा). मुलं भूमितीच्या मागे धावतात आणि अडकतात. मी हे वाचलं आणि उठून बसलो, कारण हेच मी दहावीला दरवर्षी करायचो आणि पालक भांडायला यायचे, सर तुम्ही मुद्दाम फसवता. फसवत नव्हतो हो, तुमचा मुलगा आकृती दिसली की विचार करायचं बंद करतो त्याला मी काय करू. लेखकाने आपल्यालाही तोच पेपर दिलाय, यापुढे बोलत नाही.

दुसरं, चार रंगांचा प्रश्न. कुठलाही नकाशा चार रंगांत असा रंगवता येतो की शेजारशेजारच्या दोन प्रदेशांना एक रंग येणार नाही. १८५२ मध्ये एका इंग्रज विद्यार्थ्याला तिकडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना सुचलेली गोष्ट, सिद्ध व्हायला १९७६ उजाडलं, आणि तेही अपेल आणि हाकेन यांनी कॉम्प्युटरकडून हजाराहून जास्त आकृत्या तपासून घेतल्या तेव्हा. मी वर्गात महाराष्ट्राचे जिल्हे द्यायचो रंगवायला, आता ३६ झाले, विदर्भात आलं की पोरं पाचवा खडू मागायची. इशिगामीला ही सिद्धता पटत नाही, कारण ती सुंदर नाही. बरोबर आहे पण सुंदर नाही! एर्डिश हा हंगेरियन गणिती म्हणायचा देवाकडे एक वही आहे आणि तिच्यात प्रत्येक प्रमेयाची सर्वांत देखणी सिद्धता लिहिलेली आहे, हा त्या पंथातला माणूस. एवढं एक कळलं की तो पुढे जे करतो ते का करतो ते कळतं. त्याला गुन्हा लपवायचा नाहीये, त्याला सुंदर सिद्धता करायची आहे.

हे पडद्यावर कसं आणणार? माणूस भिंतीकडे बघत विचार करतोय हे किती वेळ दाखवाल? सिनेमावाले फळाभर सूत्रं लिहितात आणि पार्श्वसंगीत वाजवतात. त्यात त्यांची चूक नाही. पण आतलं मंदिर बाहेरच राहतं.

लकडीपूल:

सर, +१००. आणि तो दुसरा प्रश्न? स्वतः उत्तर शोधणं सोपं की दुसऱ्याने दिलेलं उत्तर बरोबर आहे का ते तपासणं सोपं?

शून्यलब्धी:

पी आणि एनपीचा प्रश्न, अजून सुटलेला नाही, क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलर लावलेत त्यावर. युकावा तो इशिगामीसमोर सहज गप्पांत ठेवतो. पुन्हा वाचाल तेव्हा लक्षात घ्या की पोलीस कादंबरीभर नुसतं तपासत असतात, त्यांना उत्तर कोणीतरी आधीच देऊन ठेवलेलं असतं.

रविवारदुपार:

सर तुम्ही आमच्या शाळेत का नव्हतात. मी पुस्तक मागवतेय.

अनुस्वार:

सगळ्यांचं वाचलं. आता जरा वेगळं बोलते, राग येऊ देऊ नका.

सगळे पुरुष या पुस्तकाबद्दल बोलताना काय प्रेम, काय त्याग म्हणतात. मी ते वाचलं तेव्हा सदाशिव पेठेत एका वाड्यात कॉट बेसिसवर राहत होते. पलीकडच्या खोलीत एक गृहस्थ होते, अगदी सभ्य, कधी वावगं बोलले नाहीत. पण मी किती वाजता आले, कोणाशी फोनवर भांडले, दूध उतू गेलं का, सगळं त्यांना माहीत. आज उशीर झाला का, एवढंच विचारायचे. एवढंच. मी बाथरूममध्ये गाणं म्हणायचं बंद केलं होतं त्या वर्षी. त्यामुळे भिंतीपलीकडून ऐकणारा शेजारी ही प्रेमकथेची सुरुवात असू शकते हे मला वाचताना गिळेना.

आणि लेखकाला हे कळलेलं आहे बरं का, तो काही भाबडा नाही. यासुकोला मधेच वाटायला लागतं की आपण नवऱ्याच्या तावडीतून सुटून याच्या तावडीत आलो. पण ते वाक्य येतं आणि जातं, कारण आपण बहुतेक वेळ इशिगामीच्या किंवा पोलिसांच्या बाजूने बघत असतो. सिनेमात कॅमेरा मायाच्या चेहऱ्यावर आहे. टीचर मदत करतोय की जाळं विणतोय ही तिची शंका आपल्याला तिच्याबरोबर येते, तो तिच्यासाठी सगळं करतोय आणि तिला त्याच्याकडे बघून धडकी भरतेय, हे दोन्ही एका वेळी दिसतं. टेकडीवाले, तुम्हाला जे हरवलं असं वाटतंय ना, तो कोपरा आमच्या वाट्याला आलाय एवढंच.

अवांतर: जपानी नावातला शब्द 'केन्शिन'. इंग्रजीत डिव्होशन केलं. मराठीत भक्ती म्हटलं तर देवळात जातो, निष्ठा म्हटलं तर नोकरीत. मला 'वाहून घेणं' जवळचं वाटतं. पण फूल वाहताना फुलाला कोणी विचारत नाही तसं, ज्याला वाहिलं त्यालाही कोणी विचारत नाही, तुम्हाला हवं होतं का.

टेकडीवाला:

हे वाचून मी पाच मिनिटं काही टाइप केलं नाही.

मी ते वाक्य, तावडीचं, पुस्तकात शोधलं आत्ता. आहे. मी तीनदा वाचलंय पुस्तक आणि माझ्या डोक्यात ते नव्हतंच. तुम्ही म्हणताय ते मान्य करायला जड जातंय पण नाही म्हणताही येत नाहीये. तरी माझी करणबद्दलची तक्रार तशीच आहे हां, ती सोडणार नाही.

पेठेतलाच:

पूर्ण धागा वाचला, मस्त चाललंय. एकच शंका, दृश्यम बघितलेल्या माणसाला ही ट्रिक लगेच ओळखू येत नाही का? म्हणजे २ ऑक्टोबर, स्वामीजींचा सत्संग, पावभाजी, तिथे जसं

टेकडीवाला:

थांबा थांबा थांबा.

काडीमास्तर:

पाटी लावा रे कोणीतरी. "येथे ट्रिक फोडू नये. फोडल्यास पुढील परिणामांस फोडणारा जबाबदार राहील."

पेठेतलाच:

सॉरी, थांबलो.

लकडीपूल:

ट्रिक न फोडता उत्तर देतो. मल्याळम दृश्यम २०१३ मध्ये आला तेव्हा हा वाद झालाच होता, या पुस्तकाचे हिंदी हक्क असलेल्या एकता कपूरकडून कायदेशीर नोटीस गेली होती, दिग्दर्शक जीतू जोसेफने साफ नाकारलं. हिंदी दृश्यम आपल्या निशिकांत कामतने २०१५ ला केला. माझं मत विचाराल तर दोन्हींत मदतीची जात वेगळी आहे. दृश्यममधला बाप घरच्यांना वाचवतो, त्यात काही विचारायचंच नाही, आपण सगळे त्याच्या बाजूने, थेटरात शिट्ट्या. इथला माणूस कोणाचा कोणी नाही. म्हणून शिट्टी वाजत नाही.

पण तुमची शंका एका अर्थाने खरी आहे. जाने जां आला तोपर्यंत आपल्याकडच्या प्रेक्षकाला मधल्या वर्षांत अशा बनावाची सवय झालेली होती. पुस्तक २०११ मध्ये वाचणाऱ्याला जो धक्का बसला तो २०२३ च्या बघणाऱ्याला तेवढा बसणार नाही, म्हणून सुजॉय घोषने धक्क्यापेक्षा माणसांवर भर दिला असेल. कहानी केलेला माणूस आहे, धक्का कसा द्यायचा ते त्याला येत नाही असं नाही.

रविवारदुपार:

आणि त्या गाण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये! करीना ते आ जाने जां म्हणते तेव्हा मला काटा आला.

टेकडीवाला:

हो! आई तिथेच ओरडली, अगं हे तर हेलनचं. १९६९ च्या इंतकाममधलं, लताबाईंनी गायलेलं. मग तिने सिनेमा पॉझ करायला लावून पंधरा मिनिटं मूळ गाणं यूट्यूबवर दाखवलं, पिंजऱ्यातला तो माणूस वगैरे. लताबाई अशी गाणी सहसा गात नसत, ती आशाबाईंची खाती, हे आम्हाला माहीत नसल्यासारखं दोनदा सांगितलं. जपानी पुस्तकात हे गाणं कुठून येणार. इथे मात्र सिनेमा पुस्तकापासून लांब गेला आणि मला अजिबात खुपलं नाही, याचीही नोंद व्हावी.

पेठेतलाच:

पुस्तक कुठे मिळेल? अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड मिळतं का?

लकडीपूल:

अप्पा बळवंतला बहुतेक गाईड आणि अभ्यासाचीच पुस्तकं, नशीब असेल तर. नवं घ्या सरळ, फार महाग नाही. माझी प्रत मागू नका, मागच्या वेळी दिली ती परत आली तेव्हा तिच्यावर चहाच्या कपाचा गोल होता.

शून्यलब्धी:

आणि शेवटचं पान आधी बघू नका. माझ्या सौ. बघतात. सगळ्या कादंबऱ्यांचं.

टेकडीवाला:

अपडेट देतो. आईने जाताना माझी प्रत बॅगेत टाकली, विचारलं नाही, टाकली. एलआयसीतून रिटायर झालीये, इंग्रजी वाचते पण सावकाश, रोज दुपारी दहा-बारा पानं. काल फोन आला. म्हणे, तुझ्या पुस्तकात लिहिलंय जाडा, टकला, बारीक डोळ्यांचा, पण मला काही केल्या तो तसा दिसत नाही, तो सिनेमातलाच मुलगा खाली मान घालून नदीकाठाने चाललेला दिसतो.

मी हसलो आणि फोन ठेवल्यावर दुसरी प्रत नव्हती म्हणून मोबाईलवर पहिल्या प्रकरणाचं सॅम्पल उघडलं, बघू म्हटलं माझा जुना इशिगामी आहे का जागेवर. नाहीये. मलाही जयदीपच दिसतोय. दहा वर्षांपेक्षा जास्त सांभाळलेला माणूस एका शनिवारी गेला, आणि चिडायचं कोणावर तेच कळत नाहीये कारण आलेला पण चांगलाच आहे.

अनुस्वार:

आणि यासुको? ती कोण दिसते?

टेकडीवाला:

खरं सांगू, ती मला आधीही नीट दिसत नव्हती. आता दिसते.

काडीमास्तर:

ते सगळं ठीक आहे, पण पुस्तकात म्हात्रे नाही हे आईंना सांगितलं का?